तुम्ही विचारलंत म्हणून: भाषा कळत नाही, तरी ही गाणी का ऐकता?

मला स्पॅनिश येत नाही, पोर्तुगीज येत नाही, व्हिएतनामी तर नाहीच नाही. तरी चिली, अंगोला, व्हिएतनाम इथल्या मुक्तिलढ्यांच्या जुन्या एलपी मी मन लावून ऐकतो, तेव्हा समोरचा हमखास विचारतो, शब्द कळत नसतील तर यातून मिळतं काय? माझं उत्तर सरळ आहे. यातल्या कितीतरी रेकॉर्ड मुळात भाषा न कळणाऱ्यांसाठीच निघाल्या होत्या.

पारेदॉन या अमेरिकन कंपनीचं काम बघा. बार्बरा डेन या जॅझ आणि ब्लूज गाणाऱ्या गायिका. 1967 साली हवानात निषेधगीतं गाणाऱ्यांचा एक आंतरराष्ट्रीय मेळावा भरला, त्याला त्या गेल्या होत्या. आपापल्या देशात लढ्याच्या आत राहून गाणारी माणसं तिथे त्यांना भेटली, आणि ही गाणी अमेरिकेत कोणाच्याच कानावर पडत नाहीत याची बोच घेऊन त्या परतल्या. मग त्यांनी आणि लोकसंगीतावरच्या ‘सिंग आउट!’ मासिकाचे संपादक राहिलेले त्यांचे जोडीदार अर्विन सिल्बर यांनी ही कंपनी काढली. 1970 ते 1985 या काळात तिच्या 50 रेकॉर्ड आल्या. अंगोला, व्हिएतनाम, पॅलेस्टाइन, फिलिपाइन्स, हैती, थायलंड, प्वेर्तो रिको, उत्तर आयर्लंड अशी ती यादी. एक रेकॉर्ड तर अमेरिकन सैनिकांचीच आहे. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे जवान डेन यांच्या मागे कोरसमध्ये गातात. सुरात सगळे नाहीत, पण वर्दीतल्या माणसांनी आपल्याच युद्धाविरुद्ध लावलेला तो आवाज मला कुठल्याही तयार गळ्यापेक्षा जवळचा वाटतो.

पारेदॉनच्या कव्हरमध्ये तबकडीबरोबर एक पुस्तिका असे. मूळ शब्द, इंग्रजी भाषांतर, लढ्याचा इतिहास, छायाचित्रं असं सगळं तिच्यात. पुस्तिका मांडीवर घेऊन ऐकायला बसलं की वीस-बावीस मिनिटांची एक बाजू संपेपर्यंत एक अनोळखी देश थोडा ओळखीचा होतो. ही कल्पना त्यांच्या आधीची. मोझेस अॅश यांच्या फोकवेज कंपनीने 1948 पासून जगभरच्या लोकसंगीताच्या रेकॉर्डना अशा पुस्तिका जोडल्या होत्या. पण पारेदॉनच्या पुस्तिकेत अभ्यासकाचा तटस्थपणा नाही. ती सरळ बाजू घेते, आणि मला ते आवडतं. कोण बोलतंय हे तिथे लपवलेलं नाही.

चिलीची गोष्ट याच्या आणखी पुढची. तिथल्या कम्युनिस्ट तरुणांच्या संघटनेने 1968 साली किलापायून या गटाची रेकॉर्ड काढली, ती व्हिएतनामच्या नावाने! त्यातूनच दिकाप ही रेकॉर्ड कंपनी उभी राहिली आणि चिलीच्या नव्या गीतचळवळीचा मोठा भाग तिने सांभाळला. 11 सप्टेंबर 1973 ला लष्कराने सत्ता घेतली. त्यानंतर काही दिवसांतच या चळवळीतले गायक व्हिक्टोर हारा यांना सान्तियागोच्या स्टेडियममध्ये हालहाल करून मारलं. अशा रेकॉर्ड घरात सापडणं धोक्याचं झालं, लोकांनी त्या पुरल्या, जाळल्या. जोन हारा देश सोडून गेल्या तेव्हा नवऱ्याच्या मूळ ध्वनिफिती लपवून बाहेर नेल्या गेल्या. त्या फिती गेल्या नसत्या तर आज आपण काय ऐकलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. किलापायून तेव्हा फ्रान्समध्ये होते, चिलीचाच इंती-इल्लिमानी हा गट इटलीत. दोन्ही गट तिकडेच अडकले आणि पुढची पंधरा वर्षं परदेशातून गात राहिले. ज्यांना स्पॅनिशचा एक शब्द येत नाही अशा लोकांनी त्यांच्या रेकॉर्ड विकत घेतल्या, सभांना गर्दी केली. दिकापही हद्दपारीत पुन्हा सुरू झाली. भाषा येत नसलेला श्रोता या चळवळीच्या बाहेरचा नव्हता, तिचा आधार होता.

पोर्तुगालचं गाणं मात्र परक्यांसाठी नव्हतंच. ‘ग्रांदोला, विला मोरेना’ हे झोझे आफोंसु यांनी आलेंतेझु प्रांतातल्या ग्रांदोला गावावर रचलेलं गीत, 1971 च्या एलपीवरचं. आलेंतेझुतली माणसं हातात हात गुंफून, संथ पावलं टाकत समूहाने गातात. ते आणण्यासाठी फ्रान्समधल्या हेरूविलच्या स्टुडिओच्या आवारात आफोंसु आणि त्यांचे सोबती खडीवर चालले आणि ती पावलं ध्वनिमुद्रित झाली. सुरुवातीला एकही वाद्य नाही, फक्त खडीची खरखर. मार्च 1974 मध्ये लिस्बनच्या एका कार्यक्रमात सेन्सॉरने आफोंसु यांची इतर काही गाणी अडवली, हे तेवढं सुटलं. 25 एप्रिलला रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी रेडिओवर ते वाजलं, आणि तोच बंडखोर लष्करी तुकड्यांसाठी इशारा होता. दिवस संपेपर्यंत 48 वर्षांची हुकूमशाही कोसळली. गोव्याला 1961 पर्यंत सोडायला तयार नव्हती, तीच ही राजवट. दोन वर्षांच्या आत तिच्या वसाहती मोझांबिक आणि अंगोला स्वतंत्र झाले.

अंगोलाच्या रेकॉर्डजवळ मी थांबतो, कारण तिथे उत्तर सोपं राहत नाही. बोंगा हे अंगोलाचे गायक, एकेकाळी पोर्तुगालसाठी 400 मीटर धावणारे विक्रमवीर. त्यांनी 1972 साली रॉटरडॅममध्ये राहून आपल्या देशावर जी एलपी गायली ती ऐकताना पोटात कालवतं. पारेदॉनने 1970 मध्ये एमपीएलए या मुक्तिसंघटनेच्या लढवय्यांची गाणी काढली होती, विजय नक्की असल्याची ग्वाही देणारी. विजय झालाही, पण मे 1977 मधल्या फसलेल्या उठावानंतर याच एमपीएलएच्या सरकारने जी माणसं मारली, त्यांत दाविद झे, उर्बानु द काश्त्रु, आर्तुर नुनेश हे देशाचे लाडके गायकही होते. 1970 च्या तबकडीला हे ठाऊक असणं शक्य नव्हतं, ऐकणाऱ्याला मात्र ठाऊक हवं. म्हणून मी ती रेकॉर्ड बाजूला टाकत नाही, आणि भाबडेपणाने ऐकतही नाही. त्या मुलांनी जंगलात जे गायलं ते खरं होतं, आणि पुढे जे झालं तो गुन्हा होता.

यातल्या काही रेकॉर्ड कंटाळवाण्या आहेत, हेही सांगतो. कूच करत गायलेली, एकाच चालीत घोषणा कोंबलेली गाणी दुसऱ्यांदा लावावीशी वाटत नाहीत. पारेदॉनच्या यादीतला थायलंडचा कॅरव्हॅन हा गट ऐका, फरक लगेच कळेल. ऑक्टोबर 1976 मध्ये बँकॉकच्या थम्मासात विद्यापीठात विद्यार्थ्यांची कत्तल झाली आणि हे गायक जंगलात निघून गेले. पण त्यांच्या गाण्यात शेत आहे, रेडा आहे, भूक आहे. घोषणेपेक्षा ते जास्त टोचतं.

फोकवेज 1987 मध्ये स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालयांच्या संस्थेकडे गेली, तीही एकूण एक रेकॉर्ड उपलब्ध ठेवायची या अटीवर. डेन आणि सिल्बर यांनी 1991 मध्ये पारेदॉनही तिथेच सोपवली. त्यामुळे मूळ तबकडी मिळाली नाही तरी ध्वनिमुद्रण मिळतं, आणि पुस्तिका तर स्मिथसोनियनच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. सुरुवात करायची असेल तर कॅरव्हॅनपासून करा. आधी एकदा नुसतं ऐका, मग पुस्तिका शेजारी उघडी ठेवून पुन्हा.