तुम्ही विचारलंत म्हणून: चिन्हं काढली तर चिनी भाषेत उरतं काय?

मी चिनी शिकवते हे कळलं की कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. चिन्हांची ती लिपी म्हणजेच चिनी संस्कृती, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. मी अशा वेळी दुंगान लोकांबद्दल सांगते.

चीनच्या छिंग राजवटीविरुद्धचा हुई, म्हणजे चिनी बोलणाऱ्या मुसलमानांचा उठाव चिरडला गेला, तेव्हा वायव्य चीनमधल्या शान्शी आणि कान्सू प्रांतांकडची माणसं १८७७-७८च्या हिवाळ्यात थ्यॅनशानचे डोंगर ओलांडून रशियाच्या हद्दीत आली. बहुतेक शेतकरी. चिनी चिन्हं वाचणारे फार थोडे. येत असली तर अरबी अक्षरं. त्यांचे वंशज म्हणजेच दुंगान. ते आज किर्गिझस्तान-कझाकस्तानात राहतात आणि घरात चिनी कुळातलीच बोली बोलतात. १९२८मध्ये ती रोमन लिपीत लिहायचं ठरलं, १९५०च्या दशकात रशियन लिपीत. रशियन वर्णमालेला पाच जादा अक्षरं जोडली, झालं. कविता, वर्तमानपत्र, शाळेची पुस्तकं, सगळं त्यातच.

आणि त्यात सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, दाखवत नाहीत! विद्यार्थी लगेच विचारतात, मग ‘मा’ म्हणजे आई की घोडा, कसं कळणार? अहो, वाक्यात कळतं. शिवाय पुष्कळ शब्द दोन-तीन अक्षरी आहेत, ते जोडून लिहितात.

ओळख म्हणाल, तर ती ठायी ठायी दिसते. किर्गिझस्तानातल्या काराकोल शहरातली दुंगानांची १९१०ची लाकडी मशीद बघा: वळणदार छप्पर, रंगीत कोरीवकाम, आणि बांधताना खिळा वापरलेला नाही. तिथल्या बाजारात अश्ल्यान-फू मिळतं, शेवया आणि स्टार्चच्या जेलीचं थंडगार, आंबट-तिखट कालवण. लग्नात नवरीचा पोशाख अजून छिंग काळातल्या धाटणीचा असतो.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. शाळेत दुंगान आठवड्याला मोजकेच तास शिकवतात, आणि शहरातली मुलं आपसात रशियन बोलू लागली आहेत. लिपी बदलली तेव्हा भाषेचं काही बिघडलं नव्हतं. मुलांनी बोलणं सोडलं तर मात्र कुठलीच लिपी कामाला येणार नाही.

म्हणून मी वर्गात दुंगान कवी यासिर शिवाझांची कविता आधी वाचून दाखवते. बरेच शब्द कानाला ओळखीचे लागतात, मुलं अर्थ लावायला लागतात. मग रशियन अक्षरांतलं पान समोर ठेवते.