टेप तिथेच, पाय मात्र वर

“आता पाय उचला,” मी म्हटलं. मी फिजिओथेरपिस्ट, काका माझे पेशंट. काकांनी दात आवळले, कपाळावर घाम आला, दुसऱ्या पायाची बोटंसुद्धा आखडली. पण ऑपरेशन झालेल्या पायाची टाच गादीवरून जराही हलली नाही.

पडल्यामुळे त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली होती. ऑपरेशन झालं आणि पुढे कित्येक आठवडे पाय सरळ बांधलेला. वाटीच्या वर 15 सेंटिमीटरवर मोजायची टेप लावली, तर ही मांडी दुसरीपेक्षा 3 सेंटिमीटरने बारीक. मुलगी हळूच म्हणाली, “बाबांच्या मांडीत काही उरलंच नाही का?” हाड जुळलंय, असं सर्जननी लिहून दिलं होतं. आणि मांडी रोडावली असली तरी नुसता पाय उचलण्याइतका स्नायू तिच्यात नक्की होता. मग अडत कुठे होतं?

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, मांडीवर पॅड लावले आणि मशीनचा करंट हळूहळू वाढवला. मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, घट्ट झाला, वाटी वर सरकली आणि टाच उचलली गेली. काका दचकले. “मॅडम, मी काहीच केलं नाही!”

मला तेच पाहायचं होतं. स्नायू काम करत होता, त्याला संदेश देणारी नस शाबूत होती, त्याला हाडाशी जोडणारी कंडराही धरून होती. कमी पडत होता तो वरून येणारा हुकूम. गुडघ्याला इजा झाली, त्यात पाणी साठलं, की सांध्याकडून जाणारे संदेश मज्जारज्जूतल्या चेतापेशींना दाबून धरतात. माणूस जीव तोडून प्रयत्न करतो, स्नायूपर्यंत त्यातलं थोडंच पोचतं. अशा पेशंटला “मनावर घ्या” असं कुणी म्हणालं की मला फार वाईट वाटतं. तो मनापासूनच करत असतो.

आधी चांगल्या पायाचा व्यायाम घेतला. एका हाताने सराव केला तर दुसऱ्या हाताचीही ताकद वाढते, हे येल विद्यापीठातल्या प्रयोगांत 1894 सालीच दिसलं होतं. मग करंट चालू असतानाच काकांना स्वतःही जोर लावायला सांगितलं. पुन्हा पुन्हा. शेवटी मशीन बंद केलं, वाटीच्या वर बोटं ठेवली आणि म्हटलं, “गुडघा खाली दाबा.” बोटांखाली बारीकशी थरथर लागली. ती काकांची स्वतःची होती. मुलीचा हात धरून मी तिथे ठेवला.

पुढच्या काही आठवड्यांत टाच उचलली जाऊ लागली. टेपवरचा आकडा मात्र तोच. “मांडी भरली नाही, मग ताकद आली कुठून?” मुलीने विचारलं. एक चेतापेशी आणि तिच्या हुकमातले स्नायूतंतू मिळून एक मोटर युनिट होतं. मांडीत अशा एकेका युनिटमध्ये शेकडो तंतू असतात. हुकूम आला की त्यातले सगळे एकदम आकुंचन पावतात. हलक्या कामाला लहान युनिट्स पुरतात, जोर वाढला की मोठी उठतात. व्यायामाच्या सुरुवातीला शरीर मुख्यतः हेच शिकतं: जास्त युनिट्स उठवायची आणि त्यांना जास्त वेगाने संदेश धाडायचे. तंतू जाड व्हायचे तर त्यांच्यात ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांची भर पडावी लागते. ते सावकाश होतं.

“या वयात होईल?” काकांचा प्रश्न. त्यांना 1990 सालचा एक अभ्यास सांगितला. नव्वदीच्या आसपासच्या 10 जणांनी वजनं घेऊन पायांचा व्यायाम सुरू केला, 9 जणांनी आठ आठवडे पुरे केले. त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायू मात्र सुमारे 9 टक्क्यांनी. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले की मुलीच्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं.

परवा काका म्हणाले की घोट्याला बांधायची वाळूची पिशवी आता जाणवतच नाही. मी अर्धा किलो वाढवलं. दोन दिवस मांडी दुखेल, ते चालेल. गुडघा सुजला तर मात्र व्यायाम थांबवून मला फोन करा, असं बजावून त्यांना घरी पाठवलं.