तुतिकोरिनचे वकील आणि त्यांची जहाज कंपनी

स्वदेशी चळवळ म्हटली की आपल्याला पैसा फंड, तळेगावचा काच कारखाना आणि विलायती कापडाची होळी आठवते. त्याच काळात तमिळनाडूतील तुतिकोरिन या बंदराच्या गावातील एका वकिलाने बलाढ्य ब्रिटिश जहाज कंपनीशी थेट समुद्रावर टक्कर घेतली होती, ही हकीकत मात्र मराठी वाचकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. हे वकील टिळकांना गुरुस्थानी मानत, हे लक्षात घेता ही उणीव अधिकच खटकते.

व्ही. ओ. चिदंबरम पिल्ले यांचा जन्म १८७२ साली तेव्हाच्या तिरुनेलवेली जिल्ह्यातील ओट्टपिडारम येथे झाला. वडील वकील होते. मुलानेही तोच पेशा पत्करला आणि पुढे आपले बस्तान तुतिकोरिनला हलवले. तेथून कोलंबोला जाणारा जलमार्ग ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या मुठीत होता. ही मक्तेदारी मोडून काढण्यासाठी पिल्ले यांनी ऑक्टोबर १९०६ मध्ये स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची रीतसर नोंदणी केली. भांडवल १० लाख रुपये, आणि ते २५ रुपयांच्या ४०,००० भागांत विभागलेले. त्यांचे राजकारण मला भाषणांपेक्षा या आकड्यांत अधिक स्पष्ट दिसते. कारण मोजक्या धनिकांच्या जोरावर कंपनी चालवण्यापेक्षा बेताच्या ऐपतीच्या माणसालाही तिचा मालक होता यावे, अशीच ही रचना होती.

सुरुवातीला जहाजे मुंबईच्या एका कंपनीकडून भाड्याने घेतलेली होती. ब्रिटिश कंपनीचा दबाव येताच तो व्यवहार मोडला, तेव्हा स्वतःच्या मालकीच्या जहाजांवाचून निभाव लागणार नाही हे ओळखून पिल्ले यांनी धावपळ केली आणि ‘गॅलिया’ व ‘लावो’ ही दोन जहाजे मिळवली. मग दरयुद्ध पेटले. ब्रिटिश कंपनीने कोलंबोचे भाडे रुपयावर आणले, स्वदेशीने आठ आण्यांवर. त्यावर ब्रिटिश कंपनी प्रवाशांना फुकट नेऊन वर एकेक छत्रीही देऊ लागली, असे सांगतात. ज्याची तिजोरी मोठी, तोच असा खेळ फार काळ खेळू शकतो.

निव्वळ व्यापारी असता, तर त्याने अशा वेळी सरकारशी वाकडे घेतले नसते. पिल्ले मात्र डिसेंबर १९०७ च्या सुरत काँग्रेसला टिळकांच्या बाजूने हजर राहिले आणि फेब्रुवारी १९०८ मध्ये आपले सहकारी सुब्रमण्य शिवा यांच्यासह तुतिकोरिनच्या कोरल मिल या सूतगिरणीतील कामगारांच्या संपामागे उभे राहिले. हा संप यशस्वी झाला, आणि सरकारच्या डोळ्यांत सलला तो बहुधा त्यामुळेच. लोकांनी उभारलेल्या नव्या कंपनीच्या चालकाने इतकी जोखीम घ्यावी का, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते भागधारकांच्या दृष्टीने ती चूक होती. पण ज्या जिद्दीने त्यांनी कंपनी काढली, तीच त्यांना गिरणीच्या दारात घेऊन गेली.

मार्चमध्ये अटक झाली. राजद्रोहाच्या खटल्यात सत्र न्यायाधीश पिन्हे यांनी जुलै १९०८ मध्ये दोन जन्मठेपांची, म्हणजे एकूण ४० वर्षांची शिक्षा ठोठावली. त्याच महिन्यात मुंबईत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे अपिलात पिल्ले यांची शिक्षा बरीच कमी झाली, तरी कोइम्बतूरच्या तुरुंगात बैलाच्या जागी त्यांना तेलाच्या घाण्याला जुंपले गेले. घाणा ओढणारा थोर पुरुष ही त्यांची ओळख तमिळनाडूत आजही कायम आहे. इकडे चालकावाचून कंपनी बुडाली, १९११ मध्ये ती गुंडाळली गेली आणि ‘गॅलिया’ लिलावात प्रतिस्पर्धी कंपनीच्याच हाती गेले.

१९१२ च्या अखेरीस पिल्ले सुटले, तेव्हा वकिलीची सनदही रद्द झालेली होती. हलाखीत काही वर्षे गेल्यावर ई. एच. वॉलेस या इंग्रज न्यायाधीशाच्या मदतीने ती परत मिळाली. त्या कृतज्ञतेपोटी त्यांनी धाकट्या मुलाचे नाव वालेश्वरन ठेवले. एका इंग्रज न्यायाधीशाने ४० वर्षांची शिक्षा दिली, दुसऱ्याचे नाव घरात आले. शत्रुत्व राजवटीशी आहे, माणसांशी नाही, हा विवेक इतके सोसूनही त्यांच्यात शाबूत होता, याचे मला विशेष वाटते. जहाज कंपनी पुन्हा उभी राहिली नाही. वकिली मात्र पुन्हा सुरू झाली. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि तुतिकोरिनच्या बंदराला त्यांचे नाव लागायला २०११ साल उजाडावे लागले.