तांब्याचा फोटो काढायला सहा तास

काल आईला फोनवर सांगितलं, की सहा तास स्टुडिओत उभी राहून मी एका तांब्याचा फोटो काढला. मागून बाबांचा आवाज आला, "तेवढ्यात खडकवासल्याहून पाणी भरून आणलं असतंस."

त्यांचं चुकत नाही. फोटोग्राफी शिकायला लंडनला येऊन, एवढी फी भरून, पोरगी भांड्यांचे फोटो काढते म्हटल्यावर कोणीही हेच म्हणेल. या सत्रात आम्हाला दोन कामं होती, एक फॅशनचं आणि एक प्रॉडक्टचं. घरच्या सगळ्यांना उत्सुकता पहिल्याची. खरं सांगायचं तर मलाही होती.

फॅशनचं आधी उरकून टाकते. डिसेंबरात इथे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, आणि त्याआधीही तो दिसेलच याची खात्री नाही. आम्ही टेस्ट शूट ठरवलं. म्हणजे कोणी कोणाला पैसे द्यायचे नाहीत. मॉडेलला फोटो मिळणार, मेकअपवालीला फोटो मिळणार, मलाही फोटो मिळणार. जेवण ज्याचं त्याने आणायचं. कोट ऑनलाइन मागवला होता. इथल्या कायद्यानुसार ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू 14 दिवसांत परत करता येते, आणि या एका कायद्यावर किती विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ उभे आहेत देव जाणे. किमतीचं लेबल आत खोचायचं, बुटांच्या तळव्यांना चिकटपट्टी लावायची, म्हणजे ओरखडे उठत नाहीत. कोट मॉडेलला दोन साइझ मोठा होता, तर पाठीवर ओळीने क्लिपा लावल्या. समोरून राजकन्या, मागून दोरीवरचं वाळत घातलेलं धुणं.

नदीकाठच्या एका आवारात ट्रायपॉड उघडला आणि दोन मिनिटांत सुरक्षारक्षक हजर. जागा रस्त्यासारखी दिसत असली तरी खाजगी मालकीची होती. माफी मागून पलीकडच्या गल्लीत गेलो. तिथे मी "बस, अजून एकच" असं किती वेळा म्हटलं ते मेकअपवालीने मोजलं होतं. अकरा. मॉडेलचे ओठ निळे पडत चालले होते आणि मी मात्र भिंतीवरून येणारा उजेड बघत होते. घरी येऊन पाहिलं, तर सगळ्यांत चांगल्या फोटोत कॉलरमधून लेबल डोकावत होतं, किमतीसकट.

आता तांब्या. प्रॉडक्टच्या कामाची अट एवढीच होती की वस्तू चकचकीत हवी. बाकीच्यांनी अत्तराच्या बाटल्या, घड्याळं निवडली. माझ्याकडे आजीने पुण्याच्या तांबट आळीतून घेतलेला तांब्याचा तांब्या होता, अंगभर मठारलेला, म्हणजे हातोडीने ठोकून काढलेला. ज्यांनी कसब्यात त्या गल्लीतून चक्कर मारली असेल त्यांच्या कानात आत्ता ती ठकठक सुरू झाली असेल. हातोडीचा प्रत्येक ठोका पत्र्यावर एक छोटा चपटा ठसा सोडतो, आणि घासूनपुसून ठेवलं की असा प्रत्येक ठसा म्हणजे एक आरसा.

गोची तिथेच आहे. चकचकीत वस्तू स्वतःला दाखवतच नाही, समोर जे असेल ते दाखवते. त्यामुळे उजेड वस्तूवर पाडून भागत नाही, तिच्या समोर काय उभं करायचं ते ठरवावं लागतं. पहिला फोटो स्क्रीनवर मोठा करून पाहिला, तर प्रत्येक ठशात खिडकी, दिवा, बाहेर जायच्या दाराची हिरवी पाटी, आणि गळ्यापाशी एका ओळीत माझीच बावीस डोकी.

यावरचा पुस्तकी उपाय म्हणजे तंबू. चारी बाजूंनी ट्रेसिंग पेपर, बाहेरून दिवे, लेन्सपुरतं एक भोक. केला. माझी डोकी गेली, खिडकी गेली, पण मठारही गेला! सगळीकडून सारखाच पांढरा उजेड आल्यावर ठसा आणि ठशाची कड यांत फरक उरत नाही. प्लास्टिकला तांब्याचा रंग मारल्यासारखं दिसायला लागलं. शिक्षक मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "याला हातोडी लागली आहे, हे मला फोटोत का दिसत नाही?"

वर्गातल्या एकाने सुचवलं, शेजारी झेंडूची फुलं ठेव, थोडी हळद सांड, भारत वाटेल. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे तांब्याशेजारी हळद सांडली तर ओरडा बसतो.

तंबू काढला. डावीकडे थोडा मागे एकच अरुंद उभा सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरं कापड लावलेली दिव्याची पेटी), त्याच्यापुढे वीतभर अंतरावर ट्रेसिंग पेपर लटकवला, म्हणजे कागदावर उजेड एका कडेला प्रखर आणि पुढे हळूहळू मावळत जाणारा. उजवीकडे काळा पुठ्ठा. तो पुठ्ठा दोन बोटं आत सरकवला आणि एकदम प्रत्येक ठशाला एक उजळ कड आणि एक काळी कड आली. मी मोठ्यांदा "आली!" म्हणाले, मराठीतच. लेन्सचं छिद्र एफ/11 इतकं बारीक ठेवूनही काठ आणि पोट एकाच वेळी स्पष्ट येईनात, म्हणून फोकस केसभर पुढे सरकवत चौदा फोटो काढून नंतर जोडले. मध्येच बोटांचे ठसे उमटायचे. तेव्हा पुन्हा मीठ आणि चिंच (वेम्बलीच्या ईलिंग रोडवर मिळते), पुन्हा धुणं, लगेच कोरडं करणं, पुन्हा सुती हातमोजे.

लायब्ररीत सध्या आयर्विंग पेन बघते आहे. 'व्होग' मासिकासाठी वर्षानुवर्षं फॅशनचे फोटो काढणारा हा माणूस 1950 मध्ये पॅरिस आणि लंडनमध्ये, पुढे न्यूयॉर्कमध्ये, कसाई, मासेवाले अशा लोकांना त्यांच्या कामाच्या कपड्यांत, हातात अवजारं देऊन साध्या पडद्यासमोर उभं करत होता. त्या माणसांच्या अंगावरचे कपडे कोणी दुकानात परत करणार नव्हतं. सुट्टीत पुण्याला आले की पडदा घेऊन तांबट आळीत जायचा विचार आहे. कारागीर ठोके थांबवून माझ्यासाठी उभे राहतील का, ही वेगळी गोष्ट. माझ्या "अजून एकच"ला तिथे काय उत्तर मिळेल याची कल्पना करवत नाही.

फोटो काल रात्री घरच्या ग्रुपवर टाकला. मामाने हात जोडले, आत्याने तीन फुलं पाठवली. आजीला व्हॉट्सॲप नीट जमत नाही, तिने आईच्या फोनवरून बोलून पाठवलं: "छान आहे गं. पण बुडाशी काळपट राहिलाय. नीट घासला नाहीस."