ओमानला जाताय? मग शुक्रवारी सकाळी निझव्यात असा

शुक्रवारी सकाळी निझवा या ओमानमधल्या शहरात जनावरांचा बाजार भरतो आणि तो बघितल्याशिवाय ओमानबद्दल कुणी मत देऊ नये असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. गोल वाट, तिच्या आतल्या-बाहेरच्या बाजूला गिऱ्हाइकं दाटीवाटीने बसलेली, आणि विकणारे दोरीला धरून शेळ्या-बोकड गोल गोल फिरवतायत, फिरता फिरता भाव ओरडतायत. ज्याला पसंत पडेल तो हात करून थांबवतो, ओठ वर करून दात बघतो, पाठ चाचपतो, नाक मुरडतो, की पुढची फेरी सुरू. करडांना तर कडेवर घेऊनच फिरवतात.

तिथे एक आजी होत्या. तोंडावर तो कडक, नाकावर कणा असलेला मुखवट्यासारखा बुरखा, बदू म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळ्यांच्या बायका घालतात तो. त्यांनी एका धिप्पाड माणसाचा बोकड थांबवला, दात बघितले, दोनच शब्द बोलल्या आणि बोकड परत केला. पुढच्या फेरीला तो माणूस आपणहून त्यांच्यासमोर थांबला, भाव कमी करून. आजींनी मान हलवली, नाही. त्याच्या पुढच्या फेरीला बोकड आजींचा झाला, आणि आजूबाजूचे सगळे हसायला लागले, तो विकणारासुद्धा. अरब देशात बायकांचं काही चालत नाही असं सांगणाऱ्यांना मला तासभर या आजींच्या शेजारी बसवायचंय.

निघायच्या आधी घरच्यांनी काय काय ऐकवलं होतं! येमेनच्या शेजारी आहे, तिथे युद्ध चाललंय, कशाला जाताय. शेजारी आहे हे खरंय, पण हा देश भांडणाऱ्यांना समोरासमोर बसवून बोलायला लावणारा आहे. इराणबरोबर 2015 मध्ये जो अणुकरार झाला ना, त्याच्या आधीची अमेरिका आणि इराणची गुप्त बोलणी इथेच झाली होती. आणि ज्यांना दुबईसारखे टॉवर बघायचेत त्यांनी मस्कतला येऊ नये, इथे इमारती बुटक्या, पांढऱ्या आणि मागे उघडेबोडके डोंगर, बस्स. मला तर तेच फार आवडलं.

निझव्याचा किल्ला सतराव्या शतकातला, त्याचा गोल बुरूज एवढा अवाढव्य आहे की वर जाईपर्यंत दम लागतो. पण खरी मजा खजुराच्या कोठारात. जमिनीला पन्हाळीसारख्या खाचा पाडल्यात, त्यावर खजुराची पोती एकावर एक रचायची, वजनाने रस खाली झिरपतो आणि खाचांमधून वाहत हौदात जमतो. हा रस खायचा तर खायचाच, पण शत्रू दारात आला की उकळून वरच्या भोकांमधून त्याच्या डोक्यावर ओतायचा! आमच्याबरोबरच्या काकांना हे इतकं आवडलं की पुढे प्रत्येक किल्ल्यात ते आधी भोकं शोधायचे.

याच काकांनी बाहेरच्या खजूरवाल्याकडे काहवा प्यायला. वेलची घातलेली कडवट कॉफी, बिनकानाचा छोटासा कप, सोबत खजूर. कप हलवून दाखवला की बास, नाहीतर यजमान भरत राहतो. काकांना हा नियम नीट माहीत होता, म्हणून त्यांनी कप अजिबात हलवला नाही.

आणि हा देश आपल्याला परका वाटावा असा मुळात नाहीच हो. मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारात लोबानाच्या धुरात हिंदीतून बिनधास्त घासाघीस चालते, जुन्या मस्कतमध्ये महादेवाचं मंदिर आहे, आणि 1970 पर्यंत इथे चक्क रुपया चालायचा, आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा छापलेला गल्फ रुपी. त्याच वर्षी सुलतान काबूस गादीवर आले. त्याआधी रात्री मस्कतच्या वेशीचे दरवाजे बंद व्हायचे आणि अख्ख्या देशात डांबरी रस्ता म्हणाल तर दहाएक किलोमीटर. आज डोंगर फोडून काढलेल्या हायवेवरून जाताना हे खरंच वाटत नाही.

नंतर आम्ही मुद्दाम ऑगस्टमध्ये सलालाला गेलो, दक्षिणेला, धोफार प्रांतात. तिथे जून ते सप्टेंबर पाऊस असतो, खरीफ म्हणतात त्याला. धुकं, हिरवेगार डोंगर, रस्त्याच्या कडेला शहाळी आणि केळ्यांच्या टपऱ्या, कोकणात उतरल्यासारखंच वाटतं, फक्त मधूनच धुक्यातून उंट निघतो आणि गाड्या निमूट थांबतात. आखातातून लोक गाड्या हाणत येतात कशासाठी तर भिजायला. छत्री नाही, रेनकोट नाही, ओल्या गवतावर चटई टाकून अख्खं कुटुंब भुरभुर अंगावर घेत चहा पीत बसलेलं. रियाधहून आलेल्या अशाच एका कुटुंबाने आम्हाला हाक मारून चटईवर बसवून घेतलं, चहा दिला. त्या कुटुंबातल्या बाबांनी विचारलं, तुमच्याकडेही पडतो का असा पाऊस? म्हटलं, याच्यापेक्षा जोरात पडतो, चार महिने. चार महिने? त्यांनी बायको, मुलं, भाऊ, भावाची मुलं, सगळ्यांना बोलावलं आणि आम्हाला दाखवलं.