दादाला तिकडे का नेलं नाही, आणि मग मी परत का आले

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दादा माझा मोठा भाऊ, त्याला कुणीतरी सांभाळावं लागतं. एकदाच सगळं लिहून ठेवते, म्हणजे जिन्यात, ड्युटीवर, मावशीकडच्या गणपतीत पुन्हा पुन्हा सांगायला नको. "ब्रिटनमधली एवढी चांगली नर्सची नोकरी, सोडून का आलीस?" आणि लगेच पुढचं, "अगं, दादालाच न्यायचं ना तिकडे!" मी "नाही जमलं" म्हणते आणि समोरचा मनाशी काहीतरी ठरवून टाकतो. एक तर हिने प्रयत्नच केला नसणार, नाहीतर ही फार त्यागी. दोन्ही खरं नाही, आणि त्यागी म्हटलेलं मला जास्त लागतं.

तिथे कामाच्या व्हिसावर जाणाऱ्याचं कुटुंब म्हणजे नवरा किंवा बायको, आणि १८ वर्षांच्या आतली मुलं. माझ्या वॉर्डातली केरळची सिस्टर नवऱ्याला आणि दोन्ही मुलांना घेऊन आली. नवऱ्याला कामाची परवानगी होती, तो महिन्याभरात गोदामात लागला. आमचा व्हिसा आरोग्यसेवेचा, म्हणून आरोग्य अधिभारही, म्हणजे व्हिसाबरोबर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी घेतात ते पैसे, कुणाला भरावे लागले नाहीत. वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करायला ११ मार्च २०२४ पासून नव्याने आलेल्या केअर वर्करना तर नवरा-मुलंही आणता येत नाहीत, नर्सना अजून येतात. पण आई-वडील कुणालाच नाही. भाऊ तर नाहीच नाही.

"पण तू त्याची कायदेशीर पालक आहेस ना?" आहे. आई गेल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे उभी राहून, १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली मी ते प्रमाणपत्र घेतलं. बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता असलेल्या प्रौढांना त्या कायद्याने पालक नेमता येतो. दादाचं बँकेचं खातं, ऑपरेशनची संमती, सगळं माझ्या सहीने चालतं. तिकडच्या व्हिसाला त्या कागदाचा उपयोग नाही.

"मग पाच वर्षं काढायचीस, कायमचं राहायला मिळालं असतं." हेही मी शोधलं होतं. प्रौढ अवलंबित नातेवाइकांचा एक मार्ग आहे, त्यात भाऊ बसतो. पण बोलावणारा तिथे स्थायिक झालेला हवा, आणि वर हे सिद्ध करायचं की पैसे पाठवूनही त्याला लागणारी देखभाल भारतात मिळत नाही किंवा परवडत नाही. मी पौंडात कमावत होते आणि दादा पुण्यातल्या एका बऱ्या निवासी संस्थेत राहत होता. मी काय सिद्ध करणार होते?

उरला भेटीचा व्हिसा. त्यावर सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. मी रजा टाकून पुण्यात आले आणि त्याचा अर्ज भरला.

दादाला अनोळखी माणसाने हात धरलेला चालत नाही, आणि व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात. म्हणून आम्ही घरी जेवणाच्या टेबलावर सराव केला. आधी उजवी चार बोटं, मग डावी चार, मग दोन्ही अंगठे. केंद्रात काचेखाली हिरवा उजेड पडला आणि तो इतका खूश झाला की काम झाल्यावरही हात काढेना. तिथल्या मुलीने जराही घाई केली नाही. "काका, छान आलेत हं ठसे," म्हणाली. रिक्षात बसल्यावर दादा म्हणाला, "झालं. आता विमान." त्याच संध्याकाळी त्याने बॅग भरली. दोन स्वेटर, दाढीचं सामान, आईचा ट्रान्झिस्टर.

नकार आला तेव्हा मी परत ड्युटीवर होते. अर्जदाराला नोकरी नाही, मालमत्ता नाही, भारतात त्याच्यावर अवलंबून कुणी नाही, आणि त्याला सांभाळणारी बहीण ब्रिटनमध्येच आहे. तेव्हा मुदत संपल्यावर तो परत जाईल याची खात्री वाटत नाही. स्टाफरूममध्ये उभ्याने वाचलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. मी मुदतीत त्याला परत पाठवलं असतं का? पाठवलं असतं. बहुतेक. त्या "बहुतेक"वरच तर अर्ज अडला.

अर्जाबरोबरच्या पत्रात मी लिहिलं होतं, तो मनाने लहान मूलच आहे. कुणाला दया येईल म्हणून. लहान मूल कसलं? चव्वेचाळीस वर्षांचा माणूस आहे. स्वतःचा चहा स्वतः करतो, मनाविरुद्ध झालं तर दोन दिवस बोलत नाही.

संस्थेतून फोन यायचे की तो बॅग रिकामी करू देत नाही. कपडे बॅगेतून काढतो, धुऊन आले की बॅगेतच ठेवतो. व्हिडिओ कॉलवर मला एकच विचारायचा, "आज?" असे किती आठवडे गेले ते सांगत नाही. मग मी नोटीस दिली.

तेव्हा तिकडे राहणारी मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, संस्था चांगली होती, तिथल्या पगारातून त्याच्या म्हातारपणाची सोय झाली असती. इथल्या खासगी हॉस्पिटलच्या पगारात तुझ्यानंतर त्याचं कोण बघणार? हिशेब तिच्याच बाजूने आहे, माझ्याकडे उत्तर नाही. ती असंही म्हणते की तुलाच तिथला दुपारी चारचा अंधार सोसत नव्हता, दादाचं नाव पुढे करू नकोस. यावर मी चिडते, पण ठामपणे नाही म्हणता येत नाही.

ज्या मुली आत्ता इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करताहेत त्यांना एवढंच सांगते. एजंट "फॅमिली नेता येते" म्हणाला की फॅमिलीत कोण कोण, हे नावानिशी विचारा आणि लेखी घ्या. घरात अविवाहित आत्या असेल, आजारी भाऊ असेल, सांभाळलेला पुतण्या असेल, त्यांचंही नाव घ्या. पैसे भरायच्या आधी.

आणि "पुन्हा जाशील का?" असं विचारणाऱ्यांना: तिथल्या नर्सिंग नोंदणीची फी मी अजून दर वर्षी भरते. दादाला हे माहीत नाही.