काजवे, रतनवाडी आणि बसलेली बॅटरी

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ठाण्याहून निघालो. कसारा घाट, इगतपुरी, घोटीला उजवीकडे वळून बारी आणि भंडारदरा धरणाजवळचं शेंडी. बायको, दोन मुलं, आई, मेव्हणा आणि मी. गाडी म्हणजे आमची जुनी सात सीटची पेट्रोल व्हॅन. पेट्रोल घोटीलाच भरून घ्या आणि रोख पैसेही तिथेच काढा. शेंडीच्या पुढे आमच्या चारही फोनना रेंज नव्हती, हे पुढे कामाला येणार आहे.

काजव्यांबद्दल थोडक्यात सांगतो. पहिल्या पावसाआधीचे दोन-तीन आठवडे मोक्याचे. हिरडा, बेहडा, सादडा यांची झाडं एका तालात लुकलुकतात आणि चार वर्षांची मुलगीसुद्धा कुजबुजत बोलते. हेडलाइट बंद, टॉर्च खाली, फ्लॅश अजिबात नाही. आम्ही सगळं पाळलं. गोंधळ झाला तो रात्री साडेदहाला, रतनवाडीत मुक्कामाच्या घरासमोर. मुलं खांद्यावर झोपलेली, त्या घाईत मी लाइटचा दांडा दोनऐवजी एकच टप्पा मागे फिरवला. हेडलाइट विझले, पार्किंग लाइट चालूच राहिले. गाडीचं तोंड गवताच्या गंजीकडे असल्यामुळे उजेड दिसला नाही आणि लाइट चालू राहिला की वाजणारा बझर आमच्या गाडीत कधीच मेलाय.

पार्किंगचे चार दिवे, नंबरप्लेटचा एक आणि डॅशबोर्डचा उजेड मिळून पंचवीस-तीस वॅट, म्हणजे साधारण 2 अँपिअर. सात तासांत पंधरा अँपिअर-तास गेले. बॅटरी 35 अँपिअर-तासांची, तीही चार वर्षं वापरलेली. सकाळी आईला अमृतेश्वराच्या दर्शनाला जायचं होतं. चावी फिरवली तर नुसतं टकटकटक. सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) उचलेना, मीटरचे दिवे मंदावत गेले. असा आवाज आला की पुन्हा पुन्हा चावी फिरवू नका, उरलंसुरलंही जातं. मी सहा वेळा फिरवली.

गावातले पाच-सहा जण लगेच धक्का मारायला आले. प्रेम खरं, पण समोर उतार आणि खाली धरणाचं पाणी. इंजिन बंद असताना ब्रेकला बूस्टरची मदत नसते, पेडल दगडासारखं होतं. सपाट, मोकळा रस्ता आणि हाताचा गिअर असेल तरच धक्क्याचा विचार करा. ऑटोमॅटिकला तो पर्यायच नाही.

तेवढ्यात एसटी आली. मेव्हणा जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घ्यायच्या चिमटेवाल्या लाल-काळ्या वायरी, हातात घेऊन धावला. ड्रायव्हरकाका खिडकीतून हसले. ‘‘दादा, आमची चोवीस व्होल्टची. जोडलीस तर तुझी सगळी वायरिंग धूर काढील.’’ मोठ्या बस-ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. आपली बारा व्होल्टची, तेव्हा मदत करणारी गाडीही बारा व्होल्टचीच हवी. फोनला रेंज नाही, म्हणून काकांनीच पुढच्या वाडीतल्या भाजीच्या पिकअपवाल्याला निरोप दिला.

पिकअपवाला भाऊ अर्ध्या तासात आला, तोंडात बिडी. बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. तो हलका असतो आणि एका ठिणगीत पेटतो. आमच्या व्हॅनची बॅटरी पुढच्या सीटखाली आहे, म्हणजे वायू केबिनमध्येच साठणार. म्हणून आधी बिडी विझवली, सगळे दरवाजे सताड उघडले, सीट उचलून दहा मिनिटं वारा खेळू दिला. मुलं आणि आई ओसरीवर. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा ओलसर दिसली तर जोडणीच्या भानगडीत पडूच नका. सीएनजीची गाडी असेल आणि वास येत असेल तरीही नाही. मी घड्याळ आणि अंगठी काढून ठेवली.

आता खरा भाग. दोन्ही गाड्या जवळ, पण एकमेकींना टेकलेल्या नकोत. दोन्ही बंद, हँडब्रेक वर, एसी-चार्जर-दिवे बंद. लाल चिमटा आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं लाल टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. शेवटचा काळा चिमटा मेव्हणा सरळ आमच्या बॅटरीच्या मायनसला लावायला निघाला होता. तो लावायचा इंजिनच्या रंग नसलेल्या जाड लोखंडावर, बॅटरीपासून लांब. शेवटचं टोक टेकताना ठिणगी पडतेच. ती बॅटरीच्या तोंडाशी पडू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. काही गाड्यांत जोडणीची जागा वेगळी दिलेली असते. पुस्तिका घरच्या कपाटात नको, गाडीत हवी.

पिकअप चालू करून पाच मिनिटं थांबलो. मग सेल्फ मारला. नाही. केबल हाताला गरम लागली. बाजारातून सर्वात स्वस्त उचललेली, आत केसाएवढ्या तारा आणि वर जाड प्लास्टिक! सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात. पेट्रोल गाडीला निदान 16 स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल घ्या, डिझेलला 25 ची. आम्ही केबल निववली, बॅटरीच्या खांबांवर (प्लस-मायनसच्या टोकांवर) साचलेला पांढरा थर खरवडला, आणखी दहा मिनिटं चार्ज होऊ दिलं. एका वेळी पाच सेकंदच सेल्फ, मध्ये मिनिटभर थांबा. तिसऱ्या वेळी व्हॅन खोकली आणि लागली. आईने तिथूनच अमृतेश्वराला हात जोडले. चिमटे उलट क्रमाने काढले, म्हणजे लोखंडावरचा काळा सर्वात आधी. सुटलेली टोकं एकमेकांना लागू दिली नाहीत.

भाऊने पैसे घेतले नाहीत, डिझेलचे म्हणून आग्रहाने दिले. दर्शन गाडी चालू ठेवून, दोघं-दोघं करून झालं. अर्धा-पाऊण तास तरी गाडी रस्त्यावर चालवा, उभ्या गाडीत बॅटरी फारशी भरत नाही. घोटीला चहाही आळीपाळीने घेतला आणि तिथेच बॅटरीच्या दुकानात मीटर लावला. इंजिन चालू असताना 14.1 व्होल्ट, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठणठणीत. बंद केल्यावर मात्र 12 च्याही खाली. पूर्ण भरलेल्या बॅटरीला 12.6 दिसायला हवेत. पुढे पावसाळा, वायपर आणि हेडलाइट दिवसभर. नवीन बॅटरी तिथेच बसवली.

इंजिनवरची ती लोखंडाची जागा पुढच्या वेळी अंधारात शोधावी लागू नये म्हणून बायकोच्या नेलपॉलिशने तिच्याशेजारी एक लाल टिपका मारून ठेवलाय. बाटली अजून माझ्याकडेच आहे, तिने मागितलेली नाही.